अंथरलेली झोप

१

फुलसिंग मद्रासेहून तांड्यावर परतला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, एक पितळी शिट्टी होती आणि एक ठाम मत होतं. पेटीत काय आहे ते पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाहून घेतलं. शिट्टी दुसऱ्या दिवशी पहाटे ऐकली. मत मात्र तो भेटेल त्याला, भेटेल तिथे ऐकवत राहिला.

मत असं, की या देशाला दुधातुपाच्याही आधी झोप हवी आहे.

"शेत आपण पड ठेवतोच ना?" तो सांगे. "पड ठेवलेलं रान काही आळशी नसतं. ते आतल्या आत ताकद गोळा करत असतं. शरीराचंही तसंच. दिवसभर झिजलेलं मांस झोपेत भरून निघतं. लेकरं वाढतात ती झोपेतच. जो नीट झोपत नाही, त्याच्या दंडबैठका म्हणजे फाटक्या मोटेनं पाणी ओढणं!"

मेडशीजवळच्या या तांड्यावरून वाशीमच्या पलीकडे शिकायला गेलेला तो पहिलाच. शिष्यवृत्तीवर, समुद्रकाठच्या त्या दूरच्या शहरात, त्याने हे व्यायामाचं शास्त्र घोकून घोकून अंगी मुरवलं होतं. नवं राज्य आलं होतं, नव्या योजना येत होत्या. मग तांड्यातली पोरं सुदृढ करायला कोणाची वाट पाहायची?

लोक ऐकत आणि पोटभर हसत.

"झोपाले शिकाले मद्रासले गेल्ता काय रे?" त्याचा लहानपणचा सोबती बाबूलाल विचारी. "मले सांगतलं असतं. माही म्हैस फुकटात शिकवते."

फुलसिंगही हसे. त्याला हसण्याचं वावडं नव्हतं. पहाटे शिट्टी वाजली की हीच हसणारी माणसं आपली पोरं त्याच्याकडे कवायतीला पाठवत. तेवढ्यावर त्याचं काम भागत होतं.

घरी आई होती, हिरीबाई. बाप तो रांगत असतानाच गेलेला. हिरीबाईच्या ओढणीच्या काठाला घुंगरं, वेणीला घुंगरं, पायांत वाळे; ती विहिरीवर निघाली की अर्ध्या तांड्याला कळे. असा हा चालताबोलता छुमछुमाट घरात असल्यावर एक गोष्ट फुलसिंगच्या लक्षात यायला वेळ लागायला नको होता. तरी तो लागला.

घराच्या मागल्या बाजूला ज्वारीच्या कणग्यांची एक अंधारी खोली होती. तिच्या दारावरून जाताना आई ओढणीची घुंगरं मुठीत धरी, पावलं अलगद टाकी आणि पुढे गेली की पुन्हा मूठ सोडी.

मांजर व्यालं असेल आत, असं त्याला वाटलं.

२

खरी अडचण वेगळी होती, आणि ती फुलसिंगने कोणाला सांगितली नव्हती. झोपेचा हा कैवारी स्वतः झोपत नसे.

मद्रासेला पाऊल टाकल्यापासूनच असं होतं. वसतिगृहात सगळे घोरत. हा डोळे मिटून पडून राही. डोळ्यांवर गुंगी येई, मान कलंडे, पण पाण्यात बुडाल्यासारखी जी झोप असते, ती नाही. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही." बहुधा म्हणूनच त्याने झोपेचा एवढा अभ्यास केला. उपाशी माणूस जसा पंगतीचं वर्णन करतो तसा तो झोपेबद्दल बोलत असे.

घरी आलो की झोप येईल, अशी त्याची खात्री होती. शास्त्राप्रमाणे त्याने सगळं केलं. बाजेवर फळ्या टाकून ती अंगणात मोकळ्या हवेत मांडली. उशी फेकून दिली. चहा सोडला. दिवसभर राबला. झोप काही आली नाही.

आणि आता तिची फार गरज होती. तांड्याचे नाईक हेमसिंग यांनी विकास योजनेच्या साहेबांना बोलावणं धाडलं होतं. दिवाळी सरली की साहेब येणार, मैदानावर पोरांची कवायत पाहणार. त्यांना पसंत पडली तर तांड्याला व्यायामशाळा मिळणार आणि फुलसिंगला तिची मास्तरकी. नाहीतर व्यायामशाळा दुसऱ्या गावाला आणि फुलसिंग पुन्हा पेटी उचलून परमुलखात.

"सारं ठीक हाये पोरा," हेमसिंग नाईक मिशा पिळत म्हणाले, "पण साहेबापुढं उभं राह्याच्या आंधी आरशात पाय. मास्तर मनते झोपा, तगडे व्हा, अन् मास्तरचंच तोंड सुकल्या वांग्यावानी! साहेब तुहं आयकन का तुह्याकडे पायन?"

फुलसिंगने हसून वेळ मारून नेली. पण त्या दिवशी पोरांना दंड घालून दाखवताना त्याचे हात थरथरत होते.

३

तांड्यात सगळ्यात ताकदीचा गडी कोण, तर बाबूलाल. बैल बसला तर हा शिंगं धरून उठवी. आणि गंमत अशी, की दसऱ्यापासून ज्वारी घरात येईपर्यंत तो रोज जागलीला असे; रानडुकरं हाकलायला मचाणावर रात्रभर. सकाळी येई, भाकर खाई आणि औत घेऊन पुन्हा शेतात. दिवसा त्याला आडवा झालेला कोणी पाहिला नव्हता.

हे फुलसिंगच्या शास्त्रात बसत नव्हतं. झोपेवाचून असं शरीर? शक्य नाही.

"खरं सांग बाबूलाल, मचाणावर डुलक्या घेतोस ना?"

"पोहरादेवीची आण! एक डुलकी घेतली त डुक्कर सारं वावर साफ करते."

"मग झोपतोस कधी?"

"रोज झोपतो ना बाप्पा. घरी."

"घरी? रात्री तर तू शेतात असतोस."

"म्या शेतात," बाबूलाल सहज म्हणाला, "झोप घरी. तिले कायले थंडीत घेऊन जाऊ?"

आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून तो निघून गेला. फुलसिंगला ही थट्टा फार आवडली. पुढच्या भाषणात वापरावी, असंही त्याच्या मनात आलं.

तरी दुसऱ्या दिवशी कवायत आटोपल्यावर तो बाबूलालच्या घराकडे वळलाच. ऊन नुकतं छपरांवर चढत होतं. दूर शेताच्या वाटेवर घोंगडी खांद्यावर टाकून येणारा बाबूलाल स्पष्ट दिसत होता. तो पोहोचायच्या आत त्याच्या बायकोला, रुपाबाईला गाठून खरं काढायचं, असा फुलसिंगचा बेत.

रुपाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"वहिनी, बाबूलाल सांगतो की—"

"हळू बोला ना भाऊजी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उठाचा हाये अजून."

"कोण?"

तिने पिठाच्या हाताने कोपरा दाखवला. तिथे अंथरूण घातलं होतं. वर वाकळ पांघरलेली, चारी बाजूंनी नीट खोचलेली. वाकळीखाली कोणी नव्हतं. ती सपाट होती, म्हणजे जवळजवळ सपाट होती. आणि तिथून घोरणं येत होतं. चांगलं भरदार, शेतकरी माणसाचं, मधेच अडखळून पुन्हा लय धरणारं.

फुलसिंगच्या डोक्यात झरझर विचार सुरू झाले. कुडापलीकडे म्हैस असेल. जात्याची घरघर असेल, शेजारची. चुलीत ओलं लाकूड असेल. तो वाकला आणि वाकळीवर तळवा ठेवला. ऊब होती. चूल जवळच होती, ऊब असणारच.

मग तळव्याखाली वाकळ वर आली आणि खाली गेली.

त्याने हात मागे घेतला.

"ऊन उंबऱ्यावर आलं," रुपाबाई उठत म्हणाली, "आता उचलाव लागते." तिने हात धुतले, वाकळ एका कडेने अगदी हलक्या हाताने गुंडाळली. "झटकाचं नाई, अन् दुसऱ्याच्या हातानं उचलाचं नाई. बस. बाकी काई नाई."

घोरणं थांबलं. त्याच क्षणी दाराबाहेर कोणीतरी सांधे मोडत लांबलचक जांभई दिली. फुलसिंगने वळून पाहिलं. अंगणात बाबूलाल आळोखेपिळोखे देत उभा होता. डोळे टवटवीत, एका गालावर वाकळीच्या टाक्यांच्या लालसर खुणा उमटलेल्या.

"वा!" तो म्हणाला. "काय मस्त झोप झाली!"

४

घोंगडीवर गाल टेकला असेल, म्हणून खुणा. फुलसिंगने घरी येईपर्यंत तेवढं तरी सोडवलं. बाकीचं सोडवायला जेवल्यावर बसू, असं त्याने ठरवलं.

आई अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. दुपार छान होती. छपरावर साळुंक्या भांडत होत्या. त्याने सहज विचारावं तसं आईला विचारलं, "याडी, जागलीला गेलेल्याचं अंथरूण घालतात, हे तुला ठाऊक आहे?"

"त्यात ठाऊक असाचं काय? सारेच घालते."

"आणि दूर गेलेल्याचं?"

हिरीबाईने शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "तू गाडीत बसला अन् म्या घरी येऊन आंधी तुहं अंथरूण टाकलं. परमुलखात माणूस काई बी गमावते. मनलं, झोप त घरी राहू दे लेकराची."

फुलसिंगला हसू आलं, पण लगेच वसतिगृहाची ती पहिली रात्र त्याला आठवली; रेल्वेचा धूर अजून कपड्यांत होता आणि डोळे टक्क उघडे.

"रोज घालायचीस?"

"उचलाचं कोनासाठी? तू त येत नव्हता. घातलं ते घातलं. दिवाळीले नवी गोधडी शिवून वरून टाकाची, बस."

"कुठे?"

तिने नुसती मान कलवली. घराच्या मागल्या बाजूकडे.

"पण याडी, मी आलो की परत. इतके दिवस झाले. मग उचललं का नाहीस?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नेहमीचंच प्रेमळ, थोडं चिडवणारं हसू.

"काहून उचलू? इतकी गाढ झोप लागली हाये बिचाऱ्याले."

५

यावर त्याने जे करायचं ते केलं: काही झालंच नाही असं ठरवलं. अंधश्रद्धेवर आणि चांगल्या झोपेवर त्याने पोरांना एक जोरदार भाषण दिलं. कवायतीचे मनोरे रचून घेतले. साहेब यायच्या आदल्या सकाळी हेमसिंग नाईकांसमोर रंगीत तालीम ठेवली. तांडा जमला. बाबूलाल कडेच्या बांधावर बसून शेंगा खात होता.

"हुशार!" फुलसिंगने शिट्टी फुंकली. पोरं ताठ झाली. तो पुढे सरसावला, सूर्यनमस्कार दाखवायला वाकला, आणि जमीनच त्याच्याकडे चालून आली.

शुद्ध आली तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि नाईकांच्या मिशा अगदी जवळ होत्या.

"किती दिवस झोपला नाई?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सांगून टाकलं. मग बाबूलालच्या तोंडून शेंगेचं फोलपट उडालं आणि तांडा खो खो हसत सुटला. नाईकही हसले, पण लगेच सावरले.

"आयक पोरा. उद्या साहेब येते. त्याच्यापुढं असा पडला त व्यायामशाळा गेली, तुही मास्तरकी गेली, अन् माही इज्जत बी. उद्या सकाळपावतर मले झोपलेला मास्तर पाह्यजे. कसा बी कर."

"कसा बी काय?" बाबूलाल म्हणाला. "घरी अंथरूण तयार हाये. मोठा आला फळीवर झोपणारा! जा ना बाप्पा, झोप तुहीच हाये, परक्याची थोडी हाये."

आपली वस्तू आपण घ्यायची, यात भिण्यासारखं काय आहे? उन्हात, हसणाऱ्या माणसांत, फुलसिंगला ते अगदी पटलं.

६

कणग्यांच्या खोलीचं दार ढकलताना ते वाजलं नाही. बिजागरीला तेल होतं.

आत ज्वारीचा आणि जुन्या सुताचा वास. छपरातल्या एका फटीतून उन्हाची सळई तिरपी उतरली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. दोन कणग्यांच्या मधे ते अंथरूण. गोधड्यांवर गोधड्या चढून त्याचा चांगला थर झाला होता, आणि सगळ्यात वरच्या गोधडीला आईने काठाने आरशांचे बारीक तुकडे शिवले होते. बाहेर साळुंक्या भांडतच होत्या.

आत कोणीतरी श्वास घेत होतं.

उंदीर, त्याने स्वतःला सांगितलं. वारा. मग सुचलं, अरे, माझाच श्वास तर नव्हे? भिंतीवरून परत येत असेल. विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. त्याने श्वास रोखून धरला.

तो चालूच राहिला. संथ, खोल, पुरेपूर. असा श्वास त्याने पुस्तकात वाचला होता. निरोगी निद्रेचं लक्षण म्हणून पोरांना समजावलाही होता.

तो गुडघ्यांवर बसला. गोधडीला आकार होता. मान, पाठ, दुमडलेला गुडघा. खांदे मात्र त्याचे नव्हते. ते रुंद होते, भरलेले होते. वर्षानुवर्षं पोटभर झोपलेल्या, दंडबैठकांचं सगळं चीज झालेल्या माणसाचे. आपण असे व्हायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि भीतीपेक्षा हेवाच अधिक वाटला.

उन्हाची सळई सरकत काठावरच्या आरशांवर आली. ते एकेक करून उजळले. फुलसिंग खाली वाकला, डोळे फाडून पाहू लागला. प्रत्येक तुकड्यात त्याचा चेहरा होता. गोल गालांचा, शांत. आणि प्रत्येक तुकड्यात त्या चेहऱ्याचे डोळे मिटलेले होते.

तो मागे सरला. पाठ आईच्या पायांना लागली. ती दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ओढणीची घुंगरं तिच्या मुठीत होती.

"पड ना बाजूले," ती कुजबुजली. "जागा हाये. सरकून घेईन तो."

पळता आलं असतं. दार उघडं होतं, अंगणात ऊन होतं. पण डोळे किती जळत होते! उद्या साहेब होते. आणि त्या गोधडीतून अशी ऊब येत होती, की तिच्यापुढे मद्रासेचं सगळं शास्त्र उघड्या फळीसारखं वाटू लागलं. फुलसिंगने कड उचलली आणि अंग टाकलं.

पाठीमागे कोणीतरी झोपेतच, चांगल्या मनाने, थोडं सरकून घेतलं.

मग पाणी. खोल, कोमट, काळंभोर पाणी, आणि तो त्यात बुडत गेला.

७

शिट्टी वाजली.

फटीतून सकाळचं कोवळं ऊन आलं होतं. फुलसिंगला जाग आली. म्हणजे जागेसारखं काहीतरी आलं. अंग असं हलकं, की असल्यासारखं वाटेना. कुठे दुखत नव्हतं, कुठे थरथरत नव्हतं. मनात पहिला विचार आला तो आनंदाचाच: झोपलो! अखेर झोपलो!

दुसरा विचार आला तो शिट्टीचा. शिट्टी तर त्याच्या गळ्यात होती.

"हुशार!" मैदानावरून आवाज आला. खणखणीत, भरदार, तरीही त्याचाच. धडधड पावलं पडली. मनोरे चढले असावेत, कारण माणसांनी टाळ्या पिटल्या. मग तोच आवाज साहेबांना समजावू लागला: शेत आपण पड ठेवतोच ना, लेकरं वाढतात ती झोपेतच, फाटक्या मोटेनं पाणी ओढणं. शब्दन् शब्द तोच, पण आता कोणी हसत नव्हतं. एवढं छान आपल्याला कधी जमलं नव्हतं, हे फुलसिंगला कबूल करावं लागलं.

"वा रे पठ्ठे!" हेमसिंग नाईक गरजले. "एका झोपेत काय गडी झाला पाहा! साहेब, आता व्यायामशाळा आमालेच पाह्यजे!"

"दिली, नाईक," कोणीतरी शहरी आवाजात हसून म्हणालं. "असा मास्तर असल्यावर कशी नाही देणार?"

"सांगतलं होतं ना, तुहीच हाये म्हून!" हा बाबूलाल. आणि पाठीवर पडलेली सणसणीत थाप.

ती फुलसिंगला लागली नाही. त्याने ओरडायचं ठरवलं. तोंडातून आला तो श्वास. संथ, खोल, पुरेपूर.

दार आवाज न करता उघडलं. आई आली, घुंगरं मुठीत धरून. तिने गोधडीची कड त्याच्या मानेशी खोचली, वरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"झोप राजा," ती म्हणाली. "लय वर्सं जागला तू."

अंगणातून दमदार पावलं आली आणि खोलीच्या दाराशी हळू झाली. काठावरच्या आरशांत काहीतरी हललं. सगळ्या तुकड्यांत तोच गोल गालांचा चेहरा, उन्हाने तांबूस झालेला. आणि आता डोळे टक्क उघडे.

"याडी," तो चेहरा हलक्या आवाजात म्हणाला, "हे अंथरूण उचलू नकोस हं. आणि कोणाला झटकू देऊ नकोस. झोप पुरी झाली पाहिजे. झोपेसारखं औषध नाही."

आणि खरं सांगायचं तर, गोधडीखाली फुलसिंगला ते पूर्णपणे पटलं. मत मुळात त्याचंच होतं.